काचेच्या अलीकडे

लाल बटण कान तपासायला आलेल्या आजोबांच्या मुठीत होतं, मूठ मांडीवर, आणि अंगठा दाबला की तिच्या टेबलावरचा बारीक दिवा लागत होता... डोळ्याच्या बाहुलीएवढा, लागला-विझला, लागला-विझला. सूर ऐकू आला की दाबायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि ते कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून, वर्गात पहिल्या बाकावर बसवलेल्या पोरासारखे ताठ बसले होते. काचेपलीकडच्या त्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या. दार लावलं की बाहेरचं काही आत शिरत नसे. तिचं काम काचेच्या अलीकडे. सूर सोडायचा, दिव्याकडे बघायचं, आलेखावर खूण करायची. सुरांचं हे काम तिला मनापासून आवडायचं, कारण सूर कुठल्याच भाषेत नसतो.

आलेख बरा येत होता, वयाच्या मानाने चांगलाच. पण सुरांनंतर शब्द होते, आणि शब्दांची ती परीक्षा आजोबांची की आपली, हे तिला सकाळपासून कळेनासं झालं होतं. सकाळी मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले होते, “आजच्या त्या आजोबांना आपली भाषा धड येत नाही. तुमच्या आईकडची बोलतात. तुम्हीच घ्या त्यांना. तुम्हाला येतेच की.”

येतेच की. आणि ती हो म्हणाली होती. नाही म्हणणं किती सोपं होतं! शिकतेय अजून, कच्ची आहे, आई गेल्यावर संध्याकाळचा क्लास लावला, रेकॉर्डिंग ऐकत झोपते... पण त्या ‘येतेच की’मध्ये कुणीतरी काही न विचारता तिला तिच्या आईची मुलगी मानून टाकलं होतं, आणि तो मान तिच्याने परत करवेना.

आईने सगळा संसार बाबांच्या भाषेत केला. चुका व्हायच्या, शेजारणी हसायच्या, आईही त्यांच्याबरोबर हसायची. स्वतःची भाषा ती वापरायची ती वस्तूंशी. उतू जाणाऱ्या दुधाशी, सुईत न शिरणाऱ्या दोऱ्याशी, पावसाळ्यात फुगून बसलेल्या खिडकीशी — आधी लाडीगोडीने, मग दात-ओठ खात, मग पुन्हा लाडीगोडीने, आणि खिडकी उघडायची. लेकीशी मात्र कधीच नाही. “तुला कशाला त्या भानगडीत,” म्हणायची, “एक तरी नीट येऊ दे.” आणि एक नीट आली. इतकी नीट, की दुसऱ्या भाषेतलं घरात बोललं गेलेलं सगळं लेकीच्या डोक्यावरून खिडकीकडे जात राहिलं. मी खिडकी असते तर...

दिवा विझला. सूर संपले.

तिने ओठांसमोर कार्ड धरलं. ओठ वाचून कुणी उत्तर देऊ नये म्हणून ते धरावंच लागतं. “आता मी शब्द म्हणेन,” ती आईच्या भाषेत म्हणाली. हे वाक्य तिने सकाळपासून मनात घोकलं होतं. “ऐकू येईल तसा परत म्हणा.” आजोबांनी मान डोलावली. म्हणजे वाक्य पोचलं. तिने शब्दांची यादी पुढे ओढली.

तिने ‘विहीर’ म्हटलं. आजोबा म्हणाले, ‘बहीण’.

त्या भाषेत हे दोन शब्द एका श्वासाच्या अंतरावर होते. क्लासमधल्या बाईंनी तो श्वास कुठे सोडायचा ते फळ्यावर जिभेचं चित्र काढून दाखवलं होतं. ती पुढे गेली. ‘मीठ’ म्हटलं. त्यांनी डोकं कलतं केलं आणि विचारल्यासारखं म्हणाले, ‘धूर?’ ‘दोरी’ला ते काहीच बोलले नाहीत. नुसते ओशाळून हसले, आपलाच कान फुटका असल्यासारखे. पुढचे शब्द तिने जरा मोठ्याने म्हटले, मग सावकाश म्हटले, मग घाईने, आणि आजोबा कधी एखादा पकडत, बहुतेक सोडून देत.

सूर ऐकू येतात आणि शब्द लागत नाहीत — असं झालं की पहिला संशय कानामागच्या नसेवर. म्हणजे मोठी तपासणी, त्या नळकांड्यासारख्या मशीनमध्ये आडवं होणं, बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या लेकीचा उतरलेला चेहरा. किंवा मग... दुसरा अर्थ, जो कुठल्या पुस्तकात नव्हता आणि तिला चांगला ठाऊक होता. पेन हातात घेऊन ती बसून राहिली, आणि क्षणभर, अगदी स्वच्छ, तिला वाटलं: नसच असू दे. नसच बिघडलेली असू दे यांची.

मग तिने पेन खाली ठेवलं. ती उठली आणि लेकीला आत बोलावलं. पन्नाशीची बाई, पर्स पोटाशी धरलेली.

“जरा हे शब्द तुम्ही वाचता का? तोंड झाकून.”

“मी? मला काय येतं त्यातलं.”

“नुसते वाचा.”

लेकीने वाचले. कसलीही तयारी नाही, एका हाताने पदर सावरत, दळण सांगावं तसे. विहीर — विहीर. मीठ — मीठ. दोरी — दोरी. आजोबांचा चेहरा खुलत गेला, शेवटी शेवटी तर शब्द पुरा व्हायच्या आत ते परत करू लागले.

“कान ठणठणीत आहेत की यांचे,” लेक म्हणाली. “मग मला कशाला बोलावलंत?”

“माईकचा आवाज कमी होता.” हे तिने बाबांच्या भाषेत सांगितलं. खोटं तिला याच भाषेत जमत होतं. आणि तिने लेकीच्या शब्दांचे गुण लिहिले, स्वतःचे खोडले.

बाहेर आल्यावर आजोबांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ, हळूहळू, मायेने काहीतरी सांगितलं. त्यातला ‘जीभ’ तिला कळला, ‘चांगली’ कळला. बाकीचं हाताच्या उबेबरोबर येत होतं आणि जात होतं.

“म्हणतायत, फार गोड बोलता,” लेकीने सांगितलं. “परक्या माणसाने इतक्या कष्टाने आपली भाषा शिकलेली त्यांनी कधी पाहिली नाही. आशीर्वाद देतायत.”

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. माझी आई तुमच्यातली, एवढंच तर सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, पहिल्या धड्यातलं. पण ‘आई’ म्हणावं आणि त्यांनी भलतंच काही ऐकावं, मान कलती करून विचारावं... तिने तोंड उघडलंच नाही. नुसती वाकली.

संध्याकाळी क्लास होता. ती गेली नाही. परवा जायचं की नाही, तेही ठरवलं नाही.

घरी बाबा भाजी गरम करत होते. “आज क्लास नव्हता?”

“होता.”

बाबांनी गॅस बंद केला, पण झाकण काढलं नाही. “लग्न झालं तेव्हा मीही शिकायला लागलो होतो,” ते म्हणाले. “आठ-दहा शब्द झाले असतील. एक दिवस तुझी आई म्हणाली, नका हो. तुमच्या तोंडून आले की ते शब्द माझे वाटत नाहीत.” त्यांनी आता झाकण काढलं. “मला सुटल्यासारखं झालं. खरं तर वाईट वाटायला हवं होतं.”

ती पाटावर बसून राहिली. आईने कुणालाच आत घेतलं नव्हतं. ना नवऱ्याला, ना लेकीला. हे ऐकून काहीतरी सुटेल असं तिला वाटलं, पण सुटलं नाही. उलट, इतके दिवस जे दार बंद आहे असं ती समजत होती, तिथे दारच नव्हतं, नुसती भिंत होती.

“बाबा, तुम्ही जेवून घ्या. मला भूक नाही.”

आणि बोलताना तिला ते ऐकू आलं. एकेक शब्द सुटा, घासून-पुसून ठेवलेला, कुणी शिकवलेला वाटावा असा. जन्मापासूनची भाषा, त्यात ‘भूक’ कुठे संपतो आणि ‘नाही’ कुठे सुरू होतो हे तिला आजवर कधी दिसलं नव्हतं.

बाबांनी वळून पाहिलं. “घसा बसलाय का तुझा?”

“नाही,” ती म्हणाली, आणि ते बरोबर आलं का, हे तिला सांगता येईना.