गोमतीबाईंच्या खानावळीचा फळा

मित्रांनो, रिसोडला बाजार समितीजवळ गोमतीबाईंची खानावळ आहे. काय शिजलं आहे, हे गावाला वीस वर्षं सांगणारा तिथला जुना फळा म्हणजे मी. पेंटर तौसीफमियांनी माझ्या काळ्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलं: चहा, पोहे, वरण-भात, झुणका-भाकर, ताक. खालची हातभर जागा त्यांनी कोरी ठेवली. तिथे गोमतीबाई रोज खडूने त्या दिवसाची भाजी लिहीत. सोयाबीन विकायला आलेली माणसं मला दारातूनच वाचत. मला त्याचा फार अभिमान होता.

मग टेबलांवर चित्रांची प्लास्टिकची कार्डं आली. लग्नाच्या जेवणांसाठी वेगळी यादी छापली गेली. पुढे मोबाईलने वाचायचा चौकोन भिंतीवर चिकटला आणि मी मागच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांआड गेलो.

गेल्या हिवाळ्यात गोमतीबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. दवाखान्यातून आणून त्यांची खाट त्याच खोलीत टाकली. त्यांना सगळं कळत होतं, पण ओठांतून एक शब्द फुटत नव्हता. सून चंदा खिचडी भरवायला बसली की त्या तोंड फिरवत. पाच दिवस असेच गेले. डॉक्टर म्हणाले, आता नाकातून नळी घालावी लागेल.

“आत्याबाई, काय पाह्यजे तुमाले? मले कसं समजन?” चंदा रडकुंडीला आली.

गोमतीबाईंनी डावा हात पोत्यांकडे केला. चंदाने कांदा आणून दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी तिथेच, दोन हातांवर होतो. पण लाकडाला हाक मारता येत नाही, मित्रांनो. तो दिवस मी कसा काढला, मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी हात पुन्हा तिकडेच गेला, तेव्हा चंदाने पोती ओढली. मला पुसून खाटेला टेकवलं. गोमतीबाईंचं बोट ‘वरण-भात’वर थांबलं. चंदा धावली. त्या चार घास जेवल्या.

पण बोट परत माझ्यावर आलं. वर गेलं, खाली गेलं, काहीतरी शोधू लागलं. ते माझ्यावर नव्हतं. माझ्याजवळ नुसती पदार्थांची नावं. त्यांनी तळहात माझ्यावर आपटला.

“राहू दे, थकली माय,” मुलगा हरीओम म्हणाला.

चंदाने ऐकलं नाही. कोऱ्या जागेत तिने खडूने लिहिलं: दुखते. थंडी. नळी नको. हरीओम. बोट सगळ्यांवरून पुढे सरकलं. शेवटी तिने ‘चंदा’ लिहिलं. बोट थांबलं.

“मी तं इथंच आहो, आत्याबाई.”

बोट ‘झुणका-भाकर’वर गेलं. चंदा उठू लागली, तशी त्यांनी मान हलवली. पुन्हा चंदा. पुन्हा झुणका-भाकर.

हरीओम हळूच म्हणाला, “चंदे, माय तुले जेव म्हणून राह्यली.”

इतके दिवस चंदा नुसत्या चहावर होती. तिने खाटेजवळ बसून भाकर मोडली आणि त्यांच्यासमोर खाल्ली.

गोमतीबाईंची वाचा अजून आलेली नाही. बोटाखाली माझी अक्षरं झिजत चालली आहेत, आणि ती गेली तर त्या काय करतील, या विचाराने माझा जीव कासावीस होतो. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचं बोलणं थांबलं असेल, तर त्यांना भूक नाही, समज नाही, असं ठरवून मोकळे होऊ नका. त्यांच्यापुढे शब्द मांडा. सापडेपर्यंत लिहीत राहा.