तत्काळ प्रतिसाद

फुलीबाईने भावेशचा हात झटकला आणि खांबावरचं लाल बटण स्वतःच दाबलं.

शहाद्याच्या बसस्टँडबाहेरचा तो मदतखांब. ‘स्मार्ट शहर’ योजनेत एका कंपनीने असे खांब गावभर उभे केले होते. भावेश त्या कंपनीचा इथला व्यवस्थापक. काम पाहून कंपनीला गुण द्यायला हेमांगी सरकारतर्फे नाशिकहून आली होती. खांबाशेजारी सीताफळं विकणारी फुलीबाई मघापासून दोघांचं बोलणं ऐकत होती, आणि अचानक उठली होती.

खांबावरच्या पेटीतून लगेच आवाज आला.

"बोलिए, क्या सहायता चाहिए?"

फुलीबाई तिच्या पावरी बोलीत बोलू लागली.

"हिंदी में बोलिए."

ती बोलतच राहिली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"आपकी शिकायत दर्ज हो गई है. मदद पहुँच रही है." पेटी बंद झाली.

"बघितलंत मॅडम? वाजायच्या आत कॉल उचलला," भावेश म्हणाला. "प्रतिसादात आमच्यापुढे कोणी नाही."

हेमांगीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मावशी, काय सांगं तू त्याले?" तिने माहेरच्या अहिराणीत विचारलं.

"मन्हा घरवालाले आठेच ट्रकनी उडाई दिधं. तवय जे सांगं व्हतं, तेच."

मग तिने मोडक्यातोडक्या अहिराणीत सगळं सांगितलं. पहाटेची वेळ. पेटी म्हणाली, मदत येतेय. एवढं हिंदी तिला कळलं होतं. म्हणून थांबलेला दूधवाल्याचा टेम्पो तिने जाऊ दिला. नवऱ्याचं, जामसिंगचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

"गाडी काय उनी नही."

भावेशने मोबाइलवर बोट फिरवलं. "त्या पहाटेची तक्रार निकाली निघालेली दिसतेय. आणि भाषेचं करारात काही नाही, मॅडम."

"माणूस मेला, भावेश!" स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. "शून्य देणार आहे मी. यापुढे तुमचा एक खांब कुठे उभा राहू देणार नाही."

भावेश हळूच म्हणाला, "पुढचं काम मिळालंय, मॅडम. खड्डेसुद्धा खणून झाले."

"कुठे?"

"धडगावला."

फुलीबाईने तो शब्द पकडला. तिने हेमांगीचं मनगट घट्ट धरलं.

"धडगाव? तठे मन्ही पोर राहस."

हेमांगीने हात सोडवून घेतला नाही.