बारीक दाणा

कुक्कीनं दुसऱ्या दिवशीही ताटली हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा हैबतरावांनी ताटलीला लाथ घातली. दाणे ओसरीभर उडाले.

"मर मग उपाशी," ते म्हणाले.

कुक्की हलली नाही. पोत्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. पांढरी, बारकी पामेरियन कुत्री, बारा वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू. खरं नाव कुकी. वरच्या खोलीतलं एक भाडेकरू जोडपं सहा वर्षांपूर्वी बंगळूरला गेलं आणि तिला इथंच, भुकूममध्ये, सोडून गेलं. हैबतरावांच्या बायकोनं, रंभाबाईंनी, तिला ठेवून घेतलं आणि तिची कुक्की केली.

रंभाबाईंना जाऊन तीन महिने झाले होते. शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "कुक्कीला कुणाला देऊ नका." हैबतराव "व्हय" म्हणाले आणि पुढचं ऐकायला थांबले. पुढं काही आलंच नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यासाठी एक शब्द नाही. जे होतं ते कुत्रीसाठी. तेव्हापासून ते कुत्रीशी सरळ बोलले नव्हते.

मागच्या आठवड्यात तिला उलट्या झाल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी दूधभाकरी बंद केली. म्हाताऱ्या, लहान कुत्र्यांसाठी कोरडा दाणा मिळतो, चांगल्यातला बघून द्या, म्हणाले. हैबतरावांनी पिरंगुटच्या खाद्याच्या दुकानातून सगळ्यात भारी पिशवी आणली. आता महाराणी त्याला तोंड लावत नव्हत्या.

आवाज ऐकून किमया जिना उतरून आली. ही आताची भाडेकरू. वाशिमची पोरगी, हिंजवडीच्या कंपनीत कामाला. तिनं पिशवी उचलून वाचली.

"काका, यावर काय लिहिलंय माहितीये?"

"विंग्रजी हाय ते."

"मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी, असं लिहिलंय. पिल्लांसाठी! आणि हा फोटो बघा. कुत्रा आहे की वासरू?"

"खाऊन-पिऊन तगडा दिसतोय, म्हनून तर घेतली."

"तुम्हाला ती नकोच आहे, सरळ सांगा ना. काकूंनी किती जपलं हिला! मी रविवारी खोली सोडतेय, हिला घेऊन जाते."

"ने की. आत्ता ने."

"रविवारी नेईन. तोपर्यंत जिवंत ठेवा."

ती धाडधाड जिना चढून गेली. गुरुवार होता. हैबतराव ओसरीवरचे दाणे एकेक करून वेचू लागले. "ने" म्हणून झालं होतं. पण त्याच्या आधी दवाखान्यात "व्हय" म्हणून झालं होतं, त्याचं काय करायचं?

शुक्रवारी सकाळी पिशवी काखेत मारून ते वडापच्या जीपनं पिरंगुटला गेले. दुकानदार चंद्रकांत गल्ल्यावर पेपर वाचत होता.

"पिलाचं खाद्य दिलंस व्हय रं मला?"

"आबा, त्यात ताकद जास्त असती."

"बारा वर्साच्या म्हातारीला ताकद कशाला? नांगराला जुपायचीय?"

"फोडलेली पिशवी परत घेत न्हाई आपण."

"परत द्याया न्हाई आलो. तुज्या टाळक्यात घालाया आणलीय."

चंद्रकांतनं पेपर खाली ठेवला आणि उघड्या पोत्याकडे बोट केलं. "मग हे सुट्टं न्या. सगळे हेच नेत्यात."

हैबतरावांनी मूठभर दाणे नाकाशी धरले. जन्मभर त्यांनी गुरांची पेंड अशीच घेतली होती, आधी नाकानं. वास खवट होता.

"हे तुज्या सासऱ्याला घाल. बंद पिशवी काढ. त्यावर पयलं काय लिवलंय ते वाच. जे जास्त आसतं ते पयलं लिवत्यात, येवढं मलाबी कळतं."

"मका."

"मका माज्या रानात हाय. दुसरी काढ."

"कोंबडी. मग तांदूळ. आबा, कुत्र्याला काय कळतंय त्यातलं?"

"तुला जेवडं कळतंय त्यापरास जास्त कळतंय. फोड ती."

फोडल्यावर हैबतरावांनी एक दाणा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. पेंड ते चावूनही बघायचे. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसायला लागली. हैबतरावांचे खाली चार दात होते, वर दोन. दाणा या गालातून त्या गालात फिरला, घसरला, फुटेना. शेवटी तो त्यांनी हातावर थुंकला आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले.

कुक्कीही असंच करत होती. पहिल्या दिवशी दाणा तोंडात घ्यायची आणि कडेनं खाली पाडायची. त्यांना वाटलं होतं, नखरे करतेय. बैल घेताना आधी त्याचं तोंड उघडून दात बघणारा माणूस, आणि तीन महिन्यांत या कुत्रीच्या तोंडात एकदाही बघितलं नव्हतं.

"यापरास बारीक दाणा हाय का?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता, म्हणून लगेच ओरडले, "हाय का न्हाई ते बोल की!"

बारीक दाणा निघाला. लहान कुत्र्यांचा, आठ वर्षांच्या पुढच्या. तारीख त्यांनी दोनदा वाचून घेतली.

घरी येऊन त्यांनी कुक्कीचा जबडा उघडला. ती चावली. रक्त आलं नाही, कारण चावायला पुढं काही नव्हतंच. मागे दोन दाढा, त्यातली एक हलत होती.

त्यांनी कोमट पाणी केलं, मूठभर दाणे भिजवले, चमच्यानं दाबले. दाबताना हात थांबला. रंभाबाई भाकरी अशीच कुस्करायच्या. आधी दुधात, कुत्रीची. मग कालवणात, हैबतरावांची. ताट पुढ्यात यायचं तेव्हा भाकरी मऊ झालेली असायची. वर्षानुवर्षं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि रंभाबाईंनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

कुक्कीनं त्या दिवशी थोडंसं चाटलं. शनिवारी अर्धी ताटली खाल्ली आणि उलटी झाली नाही.

रविवारी टेम्पोत सामान चढवून किमया टोपली घेऊन आली. "द्या तिला."

"न्हाई."

"तुम्हीच म्हणालात, ने."

"म्हनलो आसंन."

"काका, ती तुम्हाला आवडत नाही. मग कशाला अडवून ठेवताय?"

"न्हाईच आवडत. तुला इचारलंय कुनी?"

किमयानं ताटलीत बघितलं. मग कोनाड्यातली पिशवी काढून मागून-पुढून वाचली.

"हे बरोबर आहे," ती नाइलाजानं म्हणाली. "भिजवलेलं जास्त वेळ ठेवू नका, आंबतं."

"मला शिकवू नगंस. टेम्पो उभा हाय तुजा."

ती रिकामी टोपली घेऊन निघून गेली. येते म्हणाली नाही, त्यांनीही ये म्हटलं नाही.

हैबतरावांनी ताटली पोत्यापुढं सरकवली. कुक्की गुरगुरली.

"गुरगुर. जायाचं व्हतं ना तिच्यासंगं? खा, भवाने."

मग ते आपलं ताट घेऊन तिच्यासमोरच बसले आणि कालवणात भाकरी कुस्करू लागले. स्वतः कुस्करायची सवय नव्हती. तुकडे मोठेच राहत होते.