सात दिवसांच्या खुणा

अफशीनने पिंजऱ्याचं झाकण उचललं आणि चार नंबरचा उंदीर जागच्या जागी थिजला. घंटा अजून वाजलीच नव्हती.

"म्याडम, तुमी आलात की समदे असंच करत्यात," उंदरांचं दाणापाणी बघणारा मच्छिंद्र म्हणाला. "माझ्यासमोर नुसता दंगा असतोय."

घंटा आणि सौम्य शॉक यांची सांगड घातलेले हे बारा उंदीर. औषध दिलेल्या सहांनी घंटेची भीती विसरावी, अशी तिच्या पीएच.डी.ची सगळी आशा होती. पण बाराही सारखेच थिजत होते. औषध कुचकामी ठरत आलं होतं, आणि तिचे गाइड अवधूत सर कालच म्हणाले होते की जीवरसायनशास्त्राकडे परतायला अजून उशीर झालेला नाही. सौम्य आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

तिथे चार वर्षं तिने एन्झाइमवर काम केलं होतं. उंदीर यायचा तो यकृताचा तुकडा होऊन, बर्फातल्या नळीतून. नळीला कोणी कुरवाळत बसत नाही. इथे मात्र नियम होता: प्रयोगाआधी सात दिवस प्रत्येक उंदराला रोज पाच मिनिटं हातात घ्यायचं, म्हणजे त्याला माणसाची भीती राहत नाही. तिला ते फाजील लाड वाटले. उंदरांना हात न लावताच वहीत सात दिवसांच्या खुणा तिने एका बैठकीत करून टाकल्या होत्या.

ते घंटेला घाबरत नव्हतेच. तिला घाबरत होते.

वही घेऊन ती सरांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"इतके दिवस का नाही बोललीस?"

"आजच कळलं, सर."

"खुणा खोट्या आहेत, हे आज कळलं?"

तिने वही सरांच्या टेबलावर ठेवली. सर म्हणाले, नवे बारा मागव, पहिल्यापासून सुरू कर. औषध कदाचित चांगलंही असेल. तिला रडू येईल इतकं हलकं वाटलं.

"आणि हे बारा, सर?"

"आता काय उपयोग त्यांचा? उद्या सकाळी संपव. तूच कर."

दुपारी तिने पिंजऱ्यात हात उघडा करून ठेवला. चार नंबर कोपऱ्यात दबून राहिला. वीस मिनिटांनी हात अवघडला, तेव्हा तो पुढे आला, बोटं हुंगली आणि तळव्यावर चढून बसला.

"जा," ती म्हणाली.

तो हलला नाही.