घड्याळकाकांची चाचणी

“रेशीम, पूल, गाजर, खुर्ची, निळा,” बाबांनी घडाघडा म्हणून दाखवलं. वर, “उलटे हवे असतील तर तसेही सांगतो.”

डॉक्टरीणबाई हसल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी हे शब्द एकदाच वाचून दाखवले होते आणि मधल्या वेळात बाबांना शंभरातून सात-सात वजा करायला लावले होते. तेही बाबांनी न अडखळता केलं होतं.

“तीसपैकी एकोणतीस! मला नाही हो आजोबा एवढे पडणार.”

एक गुण तारखेने खाल्ला होता. तारीख तर मीही विसरते. मी हुश्श केलं आणि पिशवी उचलली.

तीन आठवड्यांपूर्वी बाबा माझ्या चार वर्षांच्या लेकीला पाळणाघरातून आणायला गेले आणि येताना रस्ता विसरले. सायकलच्या दुकानासमोरच्या बाकावर दोघं तासभर बसून होती. शेवटी दुकानदाराने फोन केला. “आज आजोबांचं घर हरवलं होतं,” लेकीने घरी येऊन जाहीर केलं. नवरा बाबांना एका शब्दाने बोलला नाही. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाला, “डॉक्टर ठीक म्हणाले तर प्रश्नच नाही. नाहीतर आपण बाई ठेवू.” आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात. चारला नातीला आणायचं म्हणून तीनलाच बूट चढवून बसतात. तेवढंच काढून घेतलं, तर त्यांच्या दिवसात उरणार काय?

“चला बाबा.”

बाबा उठले नाहीत. बूट एकमेकांना लावून सरळ बसले होते.

“डॉक्टर, हा निकाल धरू नका.”

“का हो?”

“हा कागद मला पाठ आहे. एकतीस वर्षं मी तो पोरांना वाचून दाखवलाय. रेशीम म्हटलं की पुढचे चार आपोआप बाहेर पडतात. त्यात आठवणीचं काम काही नाही.”

बाबा कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात प्रयोगशाळेचे मदतनीस होते. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून पोरांचे प्रयोग लावून द्यायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. शिक्षण दहावीपर्यंतच, पण विभागप्रमुख बाईंची व्याख्यानं दाराशी उभं राहून दरसाल ऐकलेली. जेवताना आम्हालाही ती ऐकावी लागत. एका पंथाचं म्हणणं, माणूस कोरी पाटी घेऊन येतो, जग त्यावर लिहितं. दुसऱ्याचं म्हणणं, पाटी कसली, फळ्या ठोकलेलं कपाट घेऊनच येतो, सामान तेवढं जगाचं. मग एक काळ असाही आला की मनाचं नावच काढायचं नाही, वागणं दिसतं तेवढंच मोजायचं. “मन म्हणजे बंद डबा म्हणे. अरे, डबा बंद असला तरी हलवून बघता येतो की! उत्तराला किती वेळ लागला ते मोजा, आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो.” हे हलवून बघणं म्हणजे त्यांचं स्टॉपवॉच. माझी लेक जन्मली तेव्हा पाळण्यात वाकून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “पाटी नाही बरं का. ही बया कपाट घेऊन आलीय.”

आणि आता हा माणूस स्वतःचेच गुण खोडायला निघाला होता.

“बाबा, झालं ना आता? मिळाले ना गुण?” माझा आवाज चढला. “तुम्हाला कोणी विचारलंय का?”

“ज्याला चाचणी आधीच माहीत आहे, त्याचा निकाल वहीत धरायचा नाही. आमच्या बाईंचा नियम.”

“बाई नाहीयेत इथे!”

“पोर आहे ना,” ते हळूच म्हणाले. “तिचा हात धरून मी रस्ता ओलांडतो. तिथे घोकलेलं चालत नाही गं.”

मी पिशवी परत खाली ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी खणातून दुसरा कागद काढला. डोंगर, सफरचंद, बटण, शिडी, हिरवा. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा आकडे. मग त्यांनी विचारलं.

“शिडी,” बाबा म्हणाले. “हिरवा.”

मग काहीच नाही. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि भिंतीवरच्या डोळ्यांच्या तक्त्याकडे बघत राहिले.

“खूण देते. एक फळ होतं.”

“सफरचंद!”

“शर्टाला असतं.”

“बटण! बटण होतं!” बाबा खुर्चीत पुढे सरकले. “आणि उरलेलं एक?”

“निसर्गातलं. उंच असतं.”

बाबांनी डोळे मिटले. झाड म्हणाले, ढग म्हणाले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर कपाळावर हात मारून घेतला. “एवढा मोठा डोंगर, आणि सापडू नये!”

आम्ही तिघंही हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले.

“पण डॉक्टर, दोन खुणेवर आले. म्हणजे ते आत होते. ठेवणं शाबूत आहे, काढणं बिघडलंय.”

“मी हेच सांगणार होते,” त्या म्हणाल्या. “थोडं ठेवण्यातही कमी पडतंय. हे पुढे वाढू शकतं, खोटं कशाला सांगू? पण आज खुणांचा आधार आहे. तो घ्या. आणि नातीला आणायचं असेल, तर सध्या सोबत कोणीतरी हवं.”

बाबांनी मान डोलावली. जिना उतरेपर्यंत त्यांचा बेत ठरला होता. “महिनाभर प्रयोग करू. मी आणि पोर पुढे, तू वीस पावलं मागे. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. मी चुकलो तर तू वहीत लिहायचं. आणि जावईबापूंना खरे आकडे दाखवायचे. गुण वाढवून दिलेस तर याद राख.”

“आणि महिन्यानंतर?”

“वही सांगेल ते.”

मी ऑफिसातून महिनाभर लवकर निघायची परवानगी काढली. पहिल्या आठवड्यात दोन चुका झाल्या. दोन्ही लिहिल्या. वाटेवरच्या खुणा आजोबा-नातीने मिळून ठरवल्या होत्या; उद्या जागेवरून हलेल अशी खूण घ्यायची नाही, असा बाबांचा दंडक. कुत्रं, हातगाडी, उभी मोटार, सगळं बाद.

दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, चौकात बाबा थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. लेक गप्प. रस्ता सांगायचा नाही, हे तिला बजावलेलं होतं. एक बस गेली, दुसरी गेली. माझ्या ओठांवर हाक आली होती.

“पोरी,” बाबांनी विचारलं, “इथे आपलं काय असतं?”

“इथे दात दुखतो,” ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली. समोरच्या इमारतीवर दातांच्या दवाखान्याची पाटी होती, तिच्यावर भलामोठा पांढरा दात. त्यांनी आपला गाल धरून “आई गं!” केलं, लेक खिदळली आणि दोघं डावीकडे वळली.

वहीत काय लिहावं ते मला कळेना. शेवटी लिहिलं: खुणेवर, बरोबर.

पुढे फुटपाथ संपत होता. मागून ट्रक येत होता. बोलणं न थांबवता, मागे वळूनही न बघता बाबांनी हात बदलला, लेकीला भिंतीच्या बाजूला घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूने चालू लागले.