वजन लागेपर्यंत

सुनीतीच्या उजव्या हाताला मूठ वळता येत होती, उघडता येत नव्हती. ऑक्टोबरात ऑफिसातून घरी येताना लंडनजवळच्या वॉटफर्ड जंक्शन स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर तिला स्ट्रोक आला होता. बोलणं लवकर परत आलं, पायही नाताळपर्यंत बराच सुधारला. हात मात्र हट्टाने मागे राहिला. कपाचा कान धरला की बोटं त्याच्याभोवती आवळून बसायची, आणि मग डाव्या हाताने एकेक सोडवावं लागायचं.

फिजिओथेरपिस्टने बोटांच्या व्यायामासाठी दिलेला पुट्टीचा मऊ गोळा ती रोज मळायची, टीव्हीसमोर बसून, कंटाळत.

मार्चमधल्या एका रविवारी तिचा नवरा यतीन गॅरेजमध्ये मासेमारीचं सामान काढून बसला होता. यतीन मूळचा रेवदंड्याचा. इंग्लंडला आल्यापासून दर उन्हाळ्यात तो डॉर्सेटच्या खडकांवर जाऊन सी बास धरायचा. आपल्या जिताड्याचा हा गोरा चुलतभाऊ, असं पाहुण्यांना सांगायचा. त्या दिवशी त्याच्या हातात एक जुना ल्यूर होता, म्हणजे लाकडाचा खोटा मासा: सिगारसारखा लांबट, अंगाने पांढरा, तोंडाशी लाल. बरेचसे ल्यूर पाण्यात बुडतात. हा वर तरंगतो. मनगटाने बारीक झटके दिले की जखमी मासळीसारखा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तोंड वळवत येतो, आणि त्याला गिळायला बास खालून झेपावतो.

"झटका द्यायचा आणि लगेच दोरी सैल सोडायची," यतीन म्हणाला. "ओढत राहिलं तर हा काठीसारखा सरळ येतो. सगळी खुबी सोडण्यात आहे."

सुनीती दारात उभी राहून ऐकत होती. "मला शिकव," ती म्हणाली.

"तू? तुला तर बोटीचा वाससुद्धा सहन होत नाही."

"बोटीत कोण बसतंय? त्या गोळ्यात माझं मन लागत नाही. ह्यात लागेल."

यतीनने तिच्या हाताकडे पाहिलं, आणि मग पाहिलं नाही असं दाखवलं. "डाव्या हाताने शीक. सोपं जाईल."

"डावा हात धडधाकट आहे. त्याला काय शिकवायचं?"

कॅसिओबरी पार्कमधल्या कालव्यावर त्यांनी सराव सुरू केला. ल्यूरचे गळ यतीनने काढून ठेवले होते. रॉड, म्हणजे गळाची काठी, दोन्ही हातांनी मागून पुढे झोकायचा आणि ऐन वेळी उजव्या तर्जनीने अडवलेली दोरी सोडायची, एवढंच काम. पण ती तर्जनी ऐन वेळी उघडायची नाही. ल्यूर पायाशीच पाण्यात आपटायचा. एकदा बोट भलतंच लवकर सुटलं आणि ल्यूर मागच्या झाडावर जाऊन लटकला. कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी बाई रोज थांबून विचारायची, काही मिळालं का? "अजून नाही," सुनीती शांतपणे सांगायची आणि पुन्हा फेकायची. यतीन बाकावर बसून राहायचा. सुरुवातीला तो सूचना द्यायचा. मे महिन्यात तिने त्याला गप्प बसायला सांगितलं.

जूनच्या अखेरीस ल्यूर कालव्याच्या मध्यावर पडू लागला. तिथून तो आणताना तिने मनगट हलवलं, सैल केलं, हलवलं, सैल केलं. पांढरं लाकूड एकदा डावीकडे वळलं, एकदा उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. यतीन बाकावरून उठला.

"ऑगस्टमध्ये मी डॉर्सेटला येणार," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

ऑगस्टमधली पहिली फेरी वाया गेली. खडकांवर पहाटेची भरती चढत होती, समुद्र शांत होता, आणि तिच्या ल्यूरखाली पाणी अचानक फुटलं. बादली उपडी केल्यासारखा आवाज. ती दचकली आणि रॉड जोराने मागे खेचला. ल्यूर हवेतून तिच्या टोपीवरून गेला. बास गेला.

"फुटलं म्हणून ओढायचं नाही," यतीन म्हणाला. "तो चुकतो, पुन्हा येतो. तू चालवत राहा. हाताला वजन लागलं की मगच."

दुसऱ्या फेरीला वजन लागलं. रॉड वाकला, दोरीचं रीळ ओरडू लागलं, सुनीतीचा पाय शेवाळावर थोडा सरकला आणि यतीनने झेप घेऊन रॉड तिच्या हातातून घेतला. त्या झटापटीत दोरी क्षणभर सैल पडली. मासा सुटला.

परत येताना मोटरवेवर ती म्हणाली, "मी पडले असते तर पडले असते."

"डोकं आपटलं असतं, सुनीती."

"हॉस्पिटलमध्ये तू माझे केस विंचरलेस, मला भरवलंस. तेव्हा मला ते हवं होतं. आता नकोय. पुढच्या वेळी रॉडला हात लावलास तर मी एकटी येईन."

पुढच्या आठवड्यात यतीनने तिच्यासाठी तळाला खिळे असलेले बूट आणले, खडकावर न घसरणारे.

सप्टेंबरमध्ये ती दोघं पुन्हा गेली. थंडी होती, वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या होत्या. सुनीतीने फेकलं. चालवलं. काही नाही. तासभर काहीच नाही. उजवा हात खांद्यापर्यंत भरून आला, बोटं मुठीत वळून कडक झाली. ती थांबली, डाव्या हाताने ती सोडवली, चोळली, आणि पुन्हा रॉड घेतला.

ल्यूर अर्ध्यावर आला असताना मागे पाणी फुटलं. तिने चालवत ठेवलं. पुन्हा फुटलं, ल्यूर उडाला, पडला. तिचं मनगट त्याच चालीत हलत राहिलं. तिसऱ्यांदा पाणी फुटलं नाही, नुसतं ओढलं गेलं, आणि हाताला वजन लागलं.

तिने रॉड उचलला.

मासा शेवाळाच्या रानाकडे धावला. "डावीकडे चल," यतीन म्हणाला, आणि स्वतःच ओठ मिटून घेतले. ती आधीच निघाली होती, नवे खिळे खडकात रोवत, एकेक पाऊल. मासा थांबला की ती रीळ फिरवायची, तो पळाला की पळू द्यायची. यतीन जाळं धरून गुडघाभर पाण्यात उभा होता, एका जागी, कुणी बांधून ठेवल्यासारखा. शेवटी रुपेरी कूस वर आली आणि सुनीतीने मासा ओढून त्याच्या जाळ्यात घातला.

यतीनने मोजपट्टी लावली. दोनदा लावली. "चाळीस. बेचाळीसच्या आतला कायद्याने ठेवता येत नाही."

"मग आण इकडे."

ती पाण्याच्या कडेला बसली आणि मासा दोन्ही हातांत घेऊन लाटेत धरला. काटेरी पंख तिच्या तळव्याला टोचत होता. तो तिला उजव्या हातातही जाणवत होता. कल्ले उघडमिट करू लागले. डावा हात तिने काढला. उजवा ती उघडू पाहत होती, पण मासा तिच्या बोटांसाठी थांबला नाही. एक हिसडा दिला, तिच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेला.

यतीन हसायला लागला, मग त्याला डोळे पुसावे लागले.

थोड्या वेळाने मँचेस्टरहून मुलीचा, तनिषाचा फोन आला. "आई, बाबांनी मेसेज केला. केवढी होती फिश?"

"चाळीस सेंटिमीटर."

"मग आज कालवण?"

"नाही गं, लहान होता. सोडला."

"ओह. सो निघालात का घरी?"

सुनीतीने समुद्राकडे पाहिलं. पाणी अजून चढत होतं. "इतक्यात नाही," ती म्हणाली आणि फोन यतीनकडे दिला.

मग ती उठली. पहिली फेक चुकली, ल्यूर पायाशीच पडला. तिने तो गुंडाळून घेतला, दोरी तर्जनीवर घेतली आणि पुन्हा फेकला.