कोण बघतंय?

हौसाच्या घरातला टीव्ही आठ दिवस रुसला होता. म्हणजे चालू व्हायचा, बातम्याही लागायच्या. पण मालिकांचं ते ॲप उघडलं की गोल गोल फिरायचं, पडदा काळा व्हायचा आणि गाडी परत पहिल्या ठिकाणी. दिवसातून वीस-वीस वेळा तिने ते उघडून बघितलं. वडखळच्या पलीकडे, खाडीच्या बांधाला लागून असलेल्या त्या गावात कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाईला मालिकांचं केवढं हे वेड! मालिका गेल्या खड्ड्यात. हौसाला त्या ॲपचं फक्त पहिलं पान हवं होतं.

त्या पानावर ‘कोण बघतंय?’ असं विचारतात आणि खाली घरातल्या माणसांची नावं असतात. इथे तीन होती. बाबा, आये, भूमी. लेकीने, भूमिकानेच, कॉलेजात असताना ती टाकली होती. मग दोन वर्षांपूर्वी ती घरात न विचारता रोह्याच्या सुशीलशी लग्न करून मोकळी झाली. हौसाचा नवरा जगन म्हणजे डोक्यात राख घालून घेण्यात पटाईत. त्याने गावदेवीपुढे नारळ ठेवला आणि दोन शपथा घेतल्या-घातल्या. आपण तिचं नाव काढणार नाही, आणि हौसा तिच्याशी एक शब्दही बोलणार नाही. हौसाने डोळे पुसत नारळाला हात लावला.

तीन महिन्यांनी एका दुपारी त्या पानावर ‘भूमी’च्या जागी भलतंच नाव दिसलं. ‘आये बरी हाय ना’. अक्षरं इंग्रजी, पण बोली घरची. पोरगी रोह्याला तेच खातं वापरत होती. हौसा आधी हबकली, मग विचारात पडली. बोलणार नाही असं कबूल केलं होतं. लिहिणार नाही असं कुठे केलं होतं? सातवी शिकलेल्या त्या बाईने रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर गाठत ‘आये’ पुसलं आणि ‘बरी हाय’ केलं. अर्धा तास लागला. तेव्हापासून मायलेकींचं असंच चाललं होतं. जगन समोर खाटेवर डोळ्यांवर हात घेऊन पडलेला असायचा आणि हौसा त्याच्या नाकाखाली लेकीशी गुजगोष्टी करायची. आपल्या हुशारीचं तिला मोठं कौतुक होतं.

टीव्ही बिघडायच्या आदल्या संध्याकाळी पोरीने लिहिलं होतं, ‘दिवस भरले’. हौसाने लिहिलं, ‘कळव गो’. आणि दुसऱ्या दिवसापासून काळा पडदा. पहिलटकरीण पोर, माहेर दीड-दोन तासांवर, आणि ती सुखरूप सुटली का एवढंही आईला कळू नये! आठ रात्री हौसाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

शेवटी तिने रामवाडीच्या नितेशला बोलावलं. नितेश पन्नाशीचा केबलवाला, आता इंटरनेटची जोडणी करतो. मंगळवारी सकाळी दहाला ये म्हणाली, कारण जगन तेव्हा डोलवीच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला असतो. पण नेमका त्याच दिवशी जगन घरीच राहिला. बरं वाटत नाय म्हणाला आणि खाटेवर बसून राहिला. हौसाने मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

नितेशने टीव्हीचा प्लग काढला, मिनिटभर थांबून परत लावला. पडदा काळा. सेटिंगमध्ये शिरून चष्मा नाकावर सरकवत म्हणाला, “वयनी, याचा पोट भरलाय. आत शिरायला जागाच नाय.” त्याने दोन गेम काढले, एक राशिभविष्याचं ॲप काढलं, साठलेला कचरा साफ केला. पुन्हा उघडलं. पुन्हा काळा.

“आता हा मुळापासून काढतो नि नवा टाकतो,” नितेश म्हणाला. “पासवर्ड सांगा.”

पासवर्ड तिला पाठ होता, पण त्यात लेकीचं नाव होतं, आणि या घरात दोन वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं.

“भूमिका,” खाटेवरून आवाज आला. “म्होरं दोन हजार एक. सगली ल्हान अक्षरा.”

हौसाने वळून बघितलं. जगन जमिनीकडे बघत होता. ज्या माणसाने नारळावर हात ठेवून ते नाव न काढायची शपथ घेतली, त्याच्या तोंडून ते असं सहज बाहेर पडावं? आणि लहान अक्षरं आहेत हे याला कसं ठाऊक? ती विचारणार, एवढ्यात टीव्हीवर उजेड पडला.

‘कोण बघतंय?’

खाली तीन नावं. मधलं तिचंच, ‘कळव गो’. लेकीच्या जागी होतं, ‘बाबा आयेला सांगितला का’. आणि जिथे जन्मात कधी बदल झाला नव्हता, त्या ‘बाबा’च्या जागी होतं, ‘उद्या सांगतो’.

“ही कसली नावा?” नितेशला हसू आलं. मग हौसाचा चेहरा बघून ते जागीच विरलं.

हौसा मटकन खाली बसली. काय सांगायचं राहिलं होतं? नको नको ते मनात आलं.

“माझी पोर हाय ना?” तिने कसंबसं विचारलं.

“हाय गो. बरी हाय.” जगनने मान वर केली नाही. “पोरगी झाली तिला. शुक्रवारी.”

मग त्याने अडखळत सगळं सांगितलं. पहिल्यापासून तो डोळ्यांवरच्या बोटांच्या फटीतून ते पान वाचत होता. टीव्ही बंद पडला तसा त्याचाही जीव राहीना. कंपनीतल्या एका पोराकडून त्याने ते ॲप आपल्या मोबाइलवर टाकून घेतलं आणि आपल्या नावाच्या जागी ‘टीवी बंद हाय’ लिहिलं. लेकीने बाळाची बातमी त्यालाच दिली. बायकोला सांगायचं तर आपण चोरून वाचत होतो हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून रोज उद्या.

हौसाला संताप अनावर झाला. नात झाल्याचा आनंदही त्यात होता, पण तो नंतर जाणवला.

“चार दिस!” ती ओरडली. “चार दिस मी इथं तलमलतेय, नि तू नुसता बघत बसलास? आज पाचवी हाय माझ्या नातीची!”

तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजतात, आणि पहिल्या बाळाची पाचवी त्यांच्याकडे आईची आईच पुजते. आज तरी सांगायलाच हवं म्हणून जगन कामावर गेला नव्हता, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

तिने पिशवीत एक जुनं मऊ लुगडं कोंबलं, हळदीकुंकवाची डबी टाकली. “नितेशभावजी, वडखल नाक्यावर सोडा मना. रोह्याची गाडी गाठायची हाय.”

“हौसा,” जगन म्हणाला. दरडावून नव्हे, विचारल्यासारखं. “नारलाला हात लावलायस तू.”

ती उंबऱ्यात थांबली.

“लावलाय ना. पोरीशी नाय बोलनार. नातीशी बोलीन, आणि ती बाजूला बसून ऐकंल. नातीची शपथ नव्हती घातलीस तू.”

नितेशने गाडी चालू केली आणि हौसा पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. घरात टीव्ही चालूच होता.